गिलगिट-हुंझाच्या वाटेवर: कालवे, खुबानी आणि तंझीमच्या बायका

आधी थोडं सांगते म्हणजे पुढचं कळेल. लग्नाआधी मी माविममध्ये, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळात, सहयोगिनी होते, नांदेड जिल्ह्यात किनवटकडे, म्हणजे गावोगाव फिरून बायकांचे बचत गट बांधायचे, मीटिंगा घ्यायच्या, रजिस्टरं तपासायची. नंतर कॅलगरीला आलो, इथलेच झालो. इथं आमच्या शेजारी राहणारी माझी मैत्रीण मूळची पाकिस्तानकडच्या गिलगिट भागातल्या हुंझ्याची, इस्माइली, म्हणजे आगा खानांना इमाम मानणाऱ्या मुस्लीम पंथातली. दरवर्षी तिच्यासोबत मी आगा खान फाउंडेशनच्या वॉकला जाते, चालायचं आणि पैसे गोळा करायचे, 1985 पासून कॅनडात हा वॉक चालू आहे. तर चालता चालता मी तिला म्हटलं की हे पैसे जातात कुठं ते एकदा बघायला हवं. ती म्हणाली जुलैत माहेरी चाललेय, चल.

पुण्याचा आगा खान पॅलेस आपल्याला माहितीय तो गांधीजींच्या कैदेमुळं आणि कस्तुरबांच्या समाधीमुळं. पण तिसऱ्या आगा खानांनी तो 1892 मध्ये बांधला तो दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून. म्हणजे रोजगाराचं काम या घराण्यात जुनंच. गिलगिट आपल्या नकाशात कुठं दाखवतात ते मलाही माहितीय, त्यावर कमेंट नकोत, मी काय बघितलं तेवढंच लिहितेय. पासपोर्ट कॅनडाचा पण जन्मगाव सांगली, त्यामुळं व्हिसाला वेळ लागला, पण मिळाला.

शनिवार, इस्लामाबाद ते चिलास

पहाटे अंधारात निघालो. मैत्रिणीचा भाऊ गाडी घेऊन आला होता, मला पहिल्या मिनिटापासून बाजी, म्हणजे ताई, म्हणायला लागला. मानसेहरा, बालाकोट, नारान करत बाबूसर टॉप, 4,173 मीटर, जुलैतसुद्धा कडेला बर्फ आणि पर्यटकांची ही गर्दी, भजी तळणारे, मक्याची कणसं विकणारे, आपला महाबळेश्वरचा सीझन आठवला. बालाकोट 2005 च्या भूकंपात पार झोपलं होतं, आता परत उभं आहे. पलीकडं उतरलो तर चिलास, भट्टी नुसती. रात्री खोलीत पंखा होता पण लाईट नव्हती. बाकी सांगण्यासारखं काही नाही.

रविवार, गिलगिटला पोचलो

रायकोट पुलापाशी नंगा पर्बत दिसतो, 8,126 मीटर, आम्हाला अर्धाच दिसला, वरचा भाग ढगात. पुढं जगलोटजवळ सिंधू आणि गिलगिट नदीचा संगम, तिथं पाटी लावलीय की हिमालय, काराकोरम आणि हिंदुकुश इथं भेटतात. सगळ्यांसारखा आम्हीही फोटो काढला.

पण मला दिवसभर दिसत होतं ते वेगळंच. हे सगळे डोंगर कोरडे ठणठणीत आहेत हो! गवताची काडी नाही. गिलगिटला वर्षाला दीडशे मिलीमीटरच्या आसपासच पाऊस, आपल्या माण-खटावात याच्या तिप्पट तरी पडतो आणि आपण त्याला दुष्काळी म्हणतो. मग माणसं जगतात कशी, तर वर हिमनदीचं पाणी वितळतं, ते डोंगराच्या अंगानं कालवा खोदून मैलोनमैल आणायचं, आणि जिथवर पाणी पोचतं तिथवर गाव. कालव्याच्या रेघेखाली हिरवं, रेघेच्या वर दगड. ही रेघ एकदा डोळ्यात बसली की पुढचं सगळं काम समजायला सोपं जातं, कारण इथं आगा खानांच्या संस्थेनं सुरुवात केली ती याच रेघेपासून.

सोमवार, गिलगिट

मैत्रिणीच्या ओळखीतले एक चाचा आहेत, आगा खान रूरल सपोर्ट प्रोग्राममधून रिटायर झालेले सोशल ऑर्गनायझर. लोक इथं नुसतं एकेआरएसपी म्हणतात. मी म्हटलं मी पण तुमच्यासारखीच, जीप नव्हती एवढंच, एसटीनं जायचे. त्यावर ते जे खुलले ते दुपारचं जेवण होईपर्यंत थांबलेच नाहीत.

तर सुरुवात 1982 च्या डिसेंबरातली. पहिले जनरल मॅनेजर शोएब सुलतान खान, सरकारी नोकरीतून आलेले. त्यांचे गुरू अख्तर हमीद खान, हे तर अजबच माणूस, इंग्रजांच्या काळातली आयसीएसची बडी सरकारी नोकरी सोडून अलीगढजवळ कुलूपं दुरुस्त करायचं काम शिकायला गेलेले, पुढं आत्ताच्या बांगलादेशात कोमिल्ला इथं शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांचं मोठं काम, आणि 1980 पासून कराचीच्या ओरंगी वस्तीत, जिथं गल्लीतल्या लोकांनी स्वतःच्या पैशानं स्वतःची गटारं टाकली. दोघांनाही मॅगसेसे मिळालंय, गुरूला 1963 मध्ये, शिष्याला 1992 मध्ये.

पद्धत काय? गावात जायचं, सगळ्यांना मोकळ्यावर बसवायचं आणि विचारायचं की असं एकच काम सांगा ज्याचा सगळ्या गावाला फायदा होईल आणि जे तुम्ही स्वतः करू शकाल. बहुतेक गावं म्हणायची कालवा, नाहीतर जोडरस्ता, नाहीतर पूल. मग संस्था म्हणायची, पैसे आम्ही देऊ पण आमच्या तीन अटी. पहिली, गावाची तंझीम करा, म्हणजे संघटना, आणि ठरल्या दिवशी भेटा. दुसरी, प्रत्येक मीटिंगला प्रत्येकानं थोडी का होईना बचत टाकायची. तिसरी, तुमच्यातलेच काही लोक निवडून ट्रेनिंगला पाठवा, एक जण गुरांना लस टोचायला शिकेल, एक जण झाडांची कीड, एक जण कोंबड्या, एक जण हिशेब. पैशाचा हप्ता द्यायचा तोही सगळ्या गावासमोर, बंद खोलीत नाही.

मी विचारलं, लोकांना संशय नाही आला? चाचा हसले. आला की! इस्माइली गावांत सोपं होतं पण बाकीच्या ठिकाणी मौलवींनी सांगितलं हे तुम्हाला इस्माइली करायला आलेत. हुंझ्यासमोरच्या नगर खोऱ्याचे लोक शिया, त्यांनी आधी नाही म्हटलं, मग शेजारच्या गावाच्या कालव्याला पाणी आलेलं बघितलं आणि आले. चिलासकडं मात्र फार जड गेलं, विशेषतः बायकांचं काम.

मग मी माझं घोडं पुढं दामटलं. आमच्याकडं बचत गट बायकांचे, इथं आधी पुरुषांच्या तंझीमी आणि बायकांच्या नंतर, असं का? ते म्हणाले की कालवा खोदायला सुरुंग लावायचे, कड्यावर दोराला लटकायचं, तिथं पुरुष आले, आणि पाणी आल्यावर भाजी, कोंबड्या, फळं वाळवणं ही कामं बायकांची, तेव्हा त्या म्हणाल्या आमचीही तंझीम हवी. मला हे अर्धंच पटलं. पण एक गोष्ट नक्की की इथं आधी डोळ्याला दिसणारं काहीतरी उभं राहिलं आणि मग बचतीची शिस्त टिकली. आपल्याकडं आम्ही आधी बचत आणि मग लोन असं करायचो आणि लोन मिळालं की निम्मे गट झोपायचे, हे ज्यांनी काम केलंय ते खासगीत कबूल करतील.

आणि मग त्यांनी जे सांगितलं त्यानं मी खुर्चीतच सरळ झाले. 1990 च्या दशकात शोएबसाहेब यूएनडीपीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या विकास संस्थेच्या, दक्षिण आशियाच्या कार्यक्रमाचं बघत होते, त्यात आपल्या तेव्हाच्या आंध्र प्रदेशातले कर्नूल, महबूबनगर, अनंतपूर हे जिल्हे होते. तिथं बायकांच्या गटांवर गावसंघ आणि त्यावर मंडल संघ अशी उतरंड उभी राहिली, त्यातून वेलुगु हा आंध्रचा गरिबी हटवायचा कार्यक्रम आला, आणि त्याच धाग्यानं 2011 मधलं राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियान, म्हणजे आपली उमेद! किनवटच्या शेजारी तेलंगणा, तिकडचं सगळं आम्ही ऐकून होतो, पण हा धागा गिलगिटपर्यंत जातो हे इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. आता उमेदवाले म्हणतील की आमची मुळं आणखी बऱ्याच ठिकाणी आहेत, बरोबर आहे, पण एक मूळ इथं आहे हे लिहून ठेवा.

मंगळवार, नगर आणि वरचा एक कालवा

काराकोरम हायवेनं वर. घुलमतला राकापोशीसमोर चहा, 7,788 मीटरचा डोंगर असा रस्त्याच्या कडेला बसून बघायचा, खुर्चीसकट, हे जरा अतीच आहे. हसनाबादला नवीन पूल. जुना पूल 2022 च्या मे महिन्यात शिशपर हिमनदीतला तलाव फुटला त्यात वाहून गेला, त्याचा व्हिडिओ तुम्ही बघितला असेल, पुलाचा तुकडा अलगद खाली बसतो तो.

भावानं गाडी एका गावात नेली, नाव लिहीत नाही, त्यांना फोटोवाल्यांचा कंटाळा आलाय. गावाच्या वर तासभर चढून कालव्याचं तोंड. मला धाप लागली आणि सोबतचे पासष्टीचे आजोबा गप्पा मारत पुढं. हा कालवा तंझीमनं काढलाय. कड्यात पहारीनं आणि सुरुंगानं कोरलेला, रुंदी एवढीशी, बाजूला सरळ दरी. पाणी राखाडी, दगडाच्या पिठाचं, ते शेतात बसलं की हळूहळू माती होते असं आजोबा म्हणाले. नवीन भिजणारी जमीन दर घराला सारखी वाटून दिली, ज्यानं श्रमदान केलं त्याला वाटा. पहिली काही वर्षं नुसतं लसूणघास आणि पॉप्लरची झाडं, मग खुबानी म्हणजे आपलं जर्दाळू.

दुरुस्ती कोण करतं, हा माझा ठरलेला प्रश्न, कारण आपल्याकडच्या योजना उद्घाटनानंतर मरतात. तर इथं पाटकरी असतो, चौकीदार म्हणतात त्याला, त्याला गाव धान्य आणि पैसे देतं, आणि वसंतात सगळं गाव गाळ काढायला जातं. जो येणार नाही त्याला दंड. आजोबा म्हणाले आता पोरं कराचीत, दुबईत, दंडाचे पैसे ऑनलाइन पाठवतात आणि येत नाहीत. दंडानं गाळ निघतो का? असं विचारून ते स्वतःच हसत बसले.

बुधवार, करीमाबाद आणि अल्तित

मैत्रिणीच्या घरी गच्चीवर पाऊल ठेवायला जागा नाही, सगळीकडं जर्दाळू. दोन भाग करायचे, बी काढायची, जाळीच्या ट्रेवर उघडं तोंड वर करून मांडायचे. आधी लोक सरळ मातीच्या छपरावर टाकायचे, माश्या, धूळ, काळा पडायचा, भाव नाही. ट्रे, जाळी, गंधकाचा धूर किती वेळ द्यायचा, कुठल्या जातीला द्यायचाच नाही, हे सगळं ट्रेनिंगमधून आलेलं. मैत्रिणीच्या वहिनी धूर न दिलेला तपकिरी जर्दाळूच खातात, पिवळाधमक बाजाराला. बिया वाया जात नाहीत, फोडून गोड-कडू वेगळ्या करायच्या, तेल काढायचं. मी तासभर बिया फोडल्या, अंगठ्यावर दगड बसला, वहिनी म्हणाल्या बाजी तुम चाय पियो.

दुपारी अल्तित. किल्ला जुना, नऊशे वर्षांचा सांगतात, आगा खान ट्रस्टनं दुरुस्त केलाय, त्याआधी करीमाबादचा बाल्तित किल्ला दुरुस्त करून 1996 मध्ये उघडला. मला किल्ल्यापेक्षा खाली बायकांची सुतारशाळा बघायची होती. किल्ल्यांच्या दुरुस्तीच्या कामातून या मुलींना सुतारकाम, गवंडीकाम, मोजणी, वायरिंग शिकवलं, आणि आता त्या स्वतः ऑर्डर घेतात, हॉटेलचं फर्निचर, दारं-खिडक्या. आत गेलो तर रंधा मशीन चालू, भुसा उडतोय, डोक्यावर ओढणी बांधलेली एक मुलगी जर्दाळूच्या लाकडाला पॉलिश करतेय. तिनं मला सांगितलं की सुरुवातीला लोक यायचे ते दार बनवायला नाही, बायका करवत धरतात ते बघायला. आता? आता येतात आणि घासाघीस करतात. हे ऐकून मला फार बरं वाटलं, घासाघीस करतात म्हणजे सुतार मानलं ना!

बाजूलाच बागेत बायकांनी चालवलेलं कॅफे. चापशुरो खाल्लं, आत मांसाचं सारण भरलेली रोटी, मैत्रिणीनं चीजची रोटी. वर तुमुरोचा चहा, डोंगरातल्या ओव्यासारख्या वासाच्या झुडपाचा. बिल पुण्याच्या कॅफेइतकंच आलं, स्वस्त आहे असं नाही.

एक मात्र सांगायला हवं. हुंझ्यात हे सगळं चालतं याचं कारण फक्त ट्रेनिंग नाही. इथं 1946 पासून डायमंड ज्युबिली शाळा आहेत, मुलींच्या आज्याही शाळेत गेलेल्या. त्याच्या जोरावर बाकीचं उभं आहे. कुणी म्हणेल की हेच मॉडेल उचलून चिलासला ठेवा, तर तसं होत नाही आणि चाचांनी ते सोमवारीच सांगितलं होतं.

गुरुवार, गोजाल

अट्टाबादचा तलाव निळा म्हणजे खोटा वाटावा इतका निळा, जेट स्की, झिपलाइन, फोटोसाठी रांगा. 4 जानेवारी 2010 ला डोंगर कोसळला, गाव गाडलं गेलं, नदी अडली आणि वरची गावं, हायवे सगळं पाण्याखाली. 2015 मध्ये बोगदे होईपर्यंत पाच वर्षं इकडची माणसं, ट्रक, जीपा, सगळं बोटीतून जायचं. गोजाल म्हणजे वरचा हुंझा, इथलं नगदी पीक बटाटा. बटाट्याची पोती आधी ट्रॅक्टरवर, मग बोटीत, मग परत ट्रकवर, हमाली जाता काय उरणार. ज्या बायकांनी आधी शिवण-विणकाम शिकून ठेवलं होतं त्यांच्या पैशावर तेव्हा घरं चालली असं गुलमितमध्ये दोघीतिघींनी वेगवेगळं सांगितलं.

गुलमितला गालिचे विणायचं केंद्र इथल्या वाखी लोकांच्या एका जुन्या घरात आहे, मधे चूल, वर छताला उजेडाचा चौकोन. मागावर चौघी. इथं पूर्वी बकरीच्या आणि याकच्या केसांच्या सतरंज्या पुरुष विणायचे, आता गालिचे बायका. मी एक छोटा घेतला. बॅगेत बसेल का याचा विचार न करता घेतला.

शुक्रवार, तंझीमची मीटिंग

ज्यासाठी आले ते हे. सकाळी लवकर, कारण नंतर सगळ्यांना शेतात जायचं आणि संध्याकाळी जमातखाना, म्हणजे इस्माइलींचं प्रार्थनाघर. वीसेक बायका, दोघी-तिघी लेकरं घेऊन, सेक्रेटरी बीए झालेली तरुण पोरगी, रजिस्टर तिच्याकडं. आधी दुआ, मग हजेरी, मग बचत. नोटा मोजायची तीच पद्धत, थुंकी लावून, आणि एकीकडं सुटे नाहीत म्हणून तीच वादावादी. मला डोळ्यासमोर किनवट.

विषय होता ट्रेनिंगचा. एका संस्थेनं ब्युटी पार्लरचं ट्रेनिंग देऊ केलं होतं. एक वयस्कर आपा उठल्या आणि म्हणाल्या (मैत्रीण बुरुशस्कीतून, म्हणजे हुंझ्याच्या भाषेतून, मला सांगत होती) की आपल्या गावात आधीच तीन पार्लर आहेत, चौथ्यात कोण जाणार, तुम्ही आम्हाला विचारून ट्रेनिंग आणता की आणून विचारता? सगळ्या हसल्या पण मुद्दा तोच. आपल्याकडं शिलाई मशीन, इथं पार्लर. ट्रेनिंग देणाऱ्याला किती जणी शिकल्या हा आकडा हवा असतो, आणि शिकून कोण कमावतंय हे बघायला पुढच्या वर्षी कुणी येत नाही. त्यांनी काय ठरवलं, तर पार्लर नको, जर्दाळूचं पॅकिंग आणि ऑनलाइन विक्री शिकवा, आणि शिकवणारी बाई गावात येऊन राहू दे, कारण लेकरं टाकून आठ दिवस गिलगिटला जाणं जमत नाही. सेक्रेटरीनं ठराव लिहिला, तो गावांच्या संघाकडं जाणार. इथं गावच्या तंझीमींचे मिळून संघ आहेत, लोकल सपोर्ट ऑर्गनायझेशन म्हणतात, आपल्या प्रभाग संघासारखे.

मग मला बोलायला लावलं. मी आपल्या गटांचं सांगितलं. व्याजावर आल्यावर एकदम सगळ्या सरसावल्या. आमच्याकडं महिन्याला शेकडा दोन रुपये घ्यायचो म्हटलं तर एकदम आरडाओरडा, इतकं?! मी म्हटलं पण ते व्याज गटाकडंच राहतं, बाहेर जात नाही. तरी पटलं नाही. इथं संस्थेचं कर्जाचं काम 2002 मध्ये वेगळी मायक्रोफायनान्स बँक काढून तिच्याकडं गेलं. एक जण म्हणाली आधी कर्जासाठी तरी लोक मीटिंगला यायचे, आता सरळ बँकेत जातात. दुसरी म्हणाली बरंच झालं, शेजारणीकडं वसुलीला जायचं नको. यावर त्यांच्यात जी जुंपली ती मैत्रिणीलाही नीट सांगता येईना. मी ऐकत बसले. मीटिंगमध्ये भांडण होतंय म्हणजे गट जिवंत आहे, हे आमच्या जुन्या मॅडम सांगायच्या.

शनिवार, परत गिलगिट

वाटेत रत्नांना पैलू पाडायचं एक ट्रेनिंग सेंटर बघितलं. या डोंगरांत माणिक, अक्वामरीन, पुष्कराज सापडतं, आणि कच्चा माल पोत्यानं पेशावरच्या नमक मंडीत जातो, पैसा तिकडं. म्हणून इथंच पैलू पाडायला शिकवायचं. काडीच्या टोकाला लाखेनं खडा चिकटवायचा, फिरत्या चकतीवर कोन धरून घासायचा. मुलींचा हात सुंदर. पण मशीन महाग, शिकून घरी गेल्यावर मशीन कुठलं? आणि खड्यांचा बाजार सगळा पुरुषांचा, ओळखीवर आणि उधारीवर चालणारा, तिथं एकटी पोरगी जाऊन काय विकणार. सात-आठ जणी मिळून एक मशीन घेतलंय असं एका गावाचं ऐकलं, तिथं तंझीमच जामीन राहिली. म्हणजे परत गाडी तिथंच येते, आधी गट, मग हुनर.

रविवार

गिलगिट-इस्लामाबाद विमान ढगांमुळं रद्द, हे इथं नेहमीचं, त्यामुळं कुणी चिडतही नाही. परत बाबूसरनं गाडी. चाचा सोडायला आले होते, त्यांना मी किनवटच्या गटाचं नियमांचं पान फोनवर दाखवलं, मराठीत होतं, वाचून दाखवलं. गैरहजर राहिल्यास दंड, उशीर झाल्यास दंड, नवऱ्याला पाठवल्यास दुप्पट दंड. शेवटच्या नियमावर त्यांनी गाडी थांबवली आणि म्हणाले हा मला लिहून द्या, आमच्याकडं नाहीये. टोल नाक्याच्या पावतीच्या मागं उर्दूत त्यांनीच लिहून घेतला.

जर्दाळू चार किलो आणलेत, धूर न दिलेले. कॅलगरीत कुणाला हवे असतील तर मेसेज करा, गालिचा मात्र मी विकणार नाही.